एका लोखंडी दांड्याची किंमत

जेन मॅन्सफील्ड हे नाव घेतले की जुन्या हॉलिवूडचा झगमगाट डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील मालवाहतूकदारांच्या बोलीत मात्र हे नाव ट्रेलरच्या मागे, खालच्या अंगाला बसवलेल्या आडव्या लोखंडी दांड्याला चिकटले आहे. एका नटीचे नाव दांड्याला मिळावे, यामागची हकीकत करुण आहे आणि विचार करावयास लावणारीही.

१९ एप्रिल १९३३ रोजी पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर येथे तिचा जन्म झाला. ती तीन वर्षांची असतानाच तिचे वकील वडील हृदयविकाराने निवर्तले. १९५५ मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीने तिला कीर्ती दिली आणि पुढच्याच वर्षी 'द गर्ल कान्ट हेल्प इट' या चित्रपटाने ती तारका झाली. परंतु १९६० नंतर चित्रपटसृष्टीची हवा पालटली आणि पाच मुलांची ही आई नाइट क्लबांतील कार्यक्रम करीत गावोगाव हिंडू लागली.

२८ जून १९६७ रोजी मिसिसिपीतील बिलॉक्सी येथील कार्यक्रम आटोपून ती रात्रीच मोटारीने न्यू ऑर्लिन्सकडे निघाली. मध्यरात्र उलटल्यावर, डासांवर औषधी धूर सोडणाऱ्या वाहनामागे मंदावलेल्या एका ट्रेलरवर तिची ब्यूइक मोटार मागून आदळली. पुढच्या आसनावरील तिघेही ठार झाले. मागे बसलेली तिची तीन मुले बचावली. तिचे वय अवघे चौतीस होते.

तिचा शिरच्छेद झाल्याची खोटी वदंता जगभर पसरली. मोटार ट्रेलरखाली घुसली कशी, हा खरा प्रश्न मात्र मागे पडला. ट्रेलरचा तळ उंच असतो. मोटारीचे बॉनेट त्याखालून निघून जाते आणि धक्का थेट काचेवर, म्हणजे माणसांच्या मस्तकांवर बसतो.

तिच्या मृत्यूनंतर लगेच कायदा झाला, असा समज रूढ आहे. तो खरा नाही. मागील दांड्याचा नियम १९५३ पासूनच होता. पण त्यात दांडा जमिनीपासून ३० इंचांपर्यंत उंच ठेवण्याची मुभा होती आणि त्याच्या मजबुतीची कसोटी नव्हती. १९६७ मध्ये सुधारणेचा विचार सुरू झाला. १९७१ मध्ये खर्चाच्या मानाने लाभ अल्प, असे कारण देऊन प्रस्ताव मागे घेण्यात आला. उंची २२ इंचांवर आणणारा आणि मजबुतीची अट घालणारा नियम अमलात यावयास १९९८ साल उजाडले. २०२२ मध्ये मजबुतीची कसोटी आणखी कडक झाली. ट्रेलरच्या बाजूंना कठडा बसवण्याची सक्ती मात्र त्याही नियमाने केली नाही.

या विलंबाचे मूळ हिशेबाच्या रीतीत आहे. दांड्याचा खर्च ट्रेलरच्या मालकाने सोसावयाचा आणि प्राण वाचावयाचे ते मोटारीतील अनोळखी माणसाचे. जो मालक आपण होऊन खर्च करील, तो स्पर्धेत मागे पडेल. म्हणून असे काम बाजारावर सोडून भागत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा कायदाच ते करू शकतो. तो कायदा करताना खर्च अवश्य मोजावा. पण खर्च एकाचा आणि मरण दुसऱ्याचे असेल, तर मोजणाराने दुसऱ्याच्या आसनावर बसून पाहिले पाहिजे. मॅन्सफील्डच्या मृत्यूनंतर हा दांडा खाली येण्यास तीस वर्षे लागली, ती तसे पाहिले गेले नाही म्हणूनच.