शिक्षकांचे शिक्षक : बाळशास्त्री जांभेकर

– तिसरे वर्ष, सिव्हिल

बाळशास्त्री जांभेकर म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. ६ जानेवारी, 'दर्पण', पत्रकार दिन! स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर हा प्रश्न झोपेतही सुटतो. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र कोणतं? दर्पण. कधी सुरू झालं? १८३२. एक मार्क मिळाला, विषय संपला.

पण मित्रांनो, मला या लेखात 'दर्पणकार' जांभेकरांबद्दल थोडंच सांगायचं आहे. मला सांगायचं आहे ते 'जांभेकर सरां'बद्दल. कारण हा माणूस आधी एका मुलाचा शिक्षक होता, मग कॉलेजचा प्राध्यापक झाला, आणि शेवटी शिक्षकांना शिकवायचं कसं हे शिकवू लागला. आणि यातली पहिली पायरी आपल्या सोलापूर जिल्ह्यातली आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

पोंभुर्ले हे देवगड तालुक्यातलं, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं छोटंसं गाव. तिथे बाळशास्त्रींचा जन्म झाला. साल साधारणपणे १८१२ धरतात. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. घरात विद्या होती, पैसा बेताचाच. बाळशास्त्रींचं संस्कृतचं शिक्षण वडिलांकडेच झालं. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. इंग्रजी आणि नवी शास्त्रं शिकायची तर मुंबईच गाठायला हवी होती. आज कोकणातून मुंबईला जायला रेल्वे आहे, एस.टी. आहे. तेव्हा समुद्रमार्गे किंवा पायी! तेरा-चौदा वर्षांचा तो मुलगा मुंबईत आला तो सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आधाराने. हे छत्रे म्हणजे इसापनीतीच्या कथा मराठीत आणणारे गृहस्थ. मुंबईच्या 'नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'चे ते सेक्रेटरी होते. म्हणजे बाळशास्त्रींना विषय शिकवणारे मास्तर तर मिळालेच, पण पाठीवर हात ठेवणारा एक मोठा माणूसही मिळाला. पुढच्या गोष्टीत हे लक्षात ठेवा.

इथे आपल्या शाखेचीही एक गंमत सांगते. त्याच काळात, म्हणजे १८२३ च्या सुमारास, मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअरच्या देखरेखीखाली एक 'इंजिनिअर इन्स्टिट्यूशन' चालायचं. तिथे मराठी आणि गुजराती भाषेतून गणित आणि मोजणी वगैरे विषय शिकवत. हेच जर्व्हिस सोसायटीचेही सेक्रेटरी होते. सोसायटीने तेव्हा काही तरुणांना मास्तरकीचं शिक्षण देऊन जिल्ह्याजिल्ह्यात शाळा काढायला पाठवलं होतं. म्हणजे आपल्या भागात शिक्षक 'तयार' करण्याची कल्पना आणि इंजिनिअरिंग शिकवण्याची कल्पना, दोन्ही जवळजवळ एकाच अंगणात वाढल्या!

बाळशास्त्रींची झेप विलक्षण होती. विशीच्या आतबाहेर असतानाच ते सोसायटीचे डेप्युटी सेक्रेटरी झाले आणि १८३२ मध्ये नेटिव्ह सेक्रेटरी. त्याच वर्षी ६ जानेवारीला भाऊ महाजनांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी 'दर्पण' काढलं. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. आधी पाक्षिक, काही महिन्यांतच साप्ताहिक. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या दोन स्तंभांचं मला फार अप्रूप वाटतं. एकीकडची भाषा अडली तर नजर शेजारी न्यायची, की झालं! ज्याला कळत नाही त्याला हसायचं नाही, त्याच्यासाठी शेजारी जागा करून ठेवायची. ही शिक्षकाचीच बुद्धी, नाही का?

आणि १८३२ मध्येच त्यांची नेमणूक झाली अक्कलकोटच्या राजाचे शिक्षक म्हणून. हो, आपलंच अक्कलकोट! सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. आपल्या होस्टेलची मुलं-मुली गुरुवारी स्वामी समर्थांच्या दर्शनाला जातात तेच. स्वामी अक्कलकोटला आले १८५७ च्या सुमारास, म्हणजे बाळशास्त्री तिथे शिकवत होते ते त्याच्या पंचवीस वर्षं आधी. तेव्हा अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान होतं आणि राजा अजून अल्पवयीन होता. शिक्षक विशीचा, विद्यार्थी राजघराण्यातला!

आपल्याला वाटेल, एकाच मुलाला शिकवायचं म्हणजे किती सोपं काम. पण विचार करा. साठ जणांच्या वर्गात सर फळ्याकडे तोंड करून तासभर लिहू शकतात. समोर एकच विद्यार्थी असेल तर तसं पळता येत नाही. त्याला कळलं नाही तर ते लगेच त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याची भाषा, त्याचं घर, त्याचा मूड, सगळं समजून घ्यावं लागतं. आणि तो राजा असेल तर छडीही उगारता येत नाही! अक्कलकोट म्हणजे मराठी आणि कानडीची सीमा. बाळशास्त्रींना येणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी, संस्कृत, इंग्रजी, गुजराती, बंगाली, फारसी यांच्याबरोबर कानडीही आहे, हे वाचून सोलापूरकर म्हणून मला आनंद झाला. आपल्याकडे आजही मेसच्या काकू एका वाक्यात मराठी, कानडी आणि हिंदी तिन्ही वापरतात.

१८३४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात बाळशास्त्रींची सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. या पदावर नेमलेले ते पहिले भारतीय. वय? १८१२ चा जन्म धरला तर अवघं बावीस! म्हणजे आपले बी.टेक. होऊन बाहेर पडलेले सीनिअर्स ज्या वयात प्लेसमेंटच्या मेलची वाट बघतात, त्या वयात. पुढे तिथे गणित शिकवायला ऑर्लेबार नावाचे इंग्रज प्राध्यापक आले. बाळशास्त्रींनीही गणित शिकवलं, खगोल शिकवला, कुलाबा वेधशाळेचं कामही सांभाळलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं पुस्तकांचं काम. शिकवताना त्यांना दिसत असणार की मुलं हुशार आहेत, पण हातात पुस्तक नाही आणि असलं तर ते परक्या भाषेत. मग त्यांनी स्वतःच पुस्तकं लिहिली. लहान मुलांसाठी व्याकरण, नीतीच्या गोष्टी, भूगोल, इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास. आणि शून्यलब्धि! शून्यलब्धि म्हणजे काय माहीत आहे? आपल्या एम-वन मधलं डिफरन्शियल कॅल्क्युलस! ज्या विषयाने आपल्या होस्टेलच्या कितीतरी जणांच्या पहिल्या वर्षाचा घास घेतला, त्या विषयावर पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा माणूस मराठीत लिहीत होता. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं, त्यातही शास्त्र, भूगोल, इतिहास असे विषय. १८४५ मध्ये त्यांनी तपासलेली 'ज्ञानेश्वरी' शिळाप्रेसवर छापून आली. एकाच माणसाच्या टेबलावर कॅल्क्युलस आणि ज्ञानेश्वरी!

केवळ वर्गातच चांगलं असून भागत नाही, हेही त्यांनी दाखवलं. १८४३ मध्ये श्रीपती शेषाद्री या लहान मुलाचं प्रकरण खूप गाजलं. हा मुलगा मिशनऱ्यांकडे राहून आला होता, म्हणून त्याला परत जातीत घ्यायला सनातनी मंडळी तयार नव्हती. बाळशास्त्री त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून झटले. याबद्दल त्यांना स्वतःला बहिष्काराचा त्रास सोसावा लागला. एका पोरासाठी एवढं? त्यांच्या प्रतिष्ठेला, नोकरीला ते गरजेचं नव्हतं. पण ते मागे हटले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. १८४० मध्ये सोसायटी जाऊन सरकारी 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' आलं. शाळा वाढत होत्या, पण शिकवणार कोण? गावोगावी जुने पंतोजी होते. मुळाक्षरं, पाढे, पावकी-निमकी, मोडी एवढं ते घोकून घ्यायचे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांनाही तसंच शिकवलेलं होतं. नवं काही शिकवायचं तर आधी शिकवणाऱ्याला तयार करायला हवं होतं. म्हणून १८४५ मध्ये एल्फिन्स्टनमध्येच नॉर्मल क्लास, म्हणजे अध्यापक वर्ग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी बाळशास्त्रींकडे आली. 'नॉर्मल' हे नाव फ्रेंचांकडून आलेलं, त्यांच्याकडे १७९४ मध्ये पॅरिसला अशी शाळा निघाली होती. अर्थ असा, की शिकवण्याचा नमुना कसा असावा हे दाखवणारी शाळा. त्याच सुमाराला शाळा तपासण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. म्हणजे शिक्षक घडवायचे, आणि शाळाशाळांत जाऊन शिकवणं कसं चाललंय तेही बघायचं. आपल्या भाषेत, डिझाइनही करायचं आणि साइटवर जाऊन इन्स्पेक्शनही!

दुर्दैवाने त्यांच्या हाती फार वेळ नव्हता. मे १८४६ मध्ये त्यांचं निधन झालं. वय जेमतेम चौतीस.

चौतीस वर्षांत एक माणूस किती मागे ठेवू शकतो? त्यांच्या विद्यार्थ्यांकडे बघा. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्येच शिकले आणि १८५० च्या दशकात तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. त्याआधी, १८४८-४९ मध्ये, दादाभाई आणि एल्फिन्स्टनच्या तरुण मंडळींनी स्वतःची सभा काढून मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि तिथे फुकट शिकवलं. भाऊ दाजी लाड त्यांचेच विद्यार्थी, पुढे नामांकित डॉक्टर आणि संशोधक झाले. म्हणजे जांभेकर सर गेले, तरी त्यांनी लावलेली शिकवण्याची सवय गेली नाही.

हे सगळं मी आज का लिहिते आहे? कारण प्रश्न अजून तोच आहे. शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. पण इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं तर एम.टेक., पीएच.डी. बघतात. विषय येतो का, हे बघतात. समोरच्या मुलाला कुठे अडलं हे ओळखता येतं का, हे शिकवत कोणी नाही. अलीकडे एआयसीटीईने नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूल्सचं प्रशिक्षण आणलं आहे, ही चांगली गोष्ट आहे. बहुतेक कॉलेजांत वीस-पंचवीस मुलांमागे एक 'टीचर गार्डियन' किंवा 'मेंटॉर' असतो. पण खूपदा ते नातं एका फॉर्मवर संपतं. हजेरी किती, बॅकलॉग किती, पालकांचा फोन नंबर, सही.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या जिल्ह्यात एका कॉलेजात होती. मराठी माध्यमातून आलेली, घरातली पहिली इंजिनिअर होणारी. पहिल्या वर्षी चार विषय राहिले. तिच्या मेंटॉर फॉर्मवर दर महिन्याला सही होती, सगळे रकाने भरलेले होते. पण तिला गणित अडत नव्हतं, गणिताचं इंग्रजी अडत होतं, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. तिने कॉलेज सोडलं. आता ती गावी आहे. मी तिला दोष देत नाही आणि तिच्या मेंटॉरनाही फार देत नाही, कारण असं काही विचारायचं असतं हे त्यांना तरी कोणी शिकवलं होतं? पण नुकसान झालं ते झालंच.

जांभेकर सरांच्या आयुष्यातून मला तीन गोष्टी दिसतात आणि प्रत्येक नव्या प्राध्यापकाच्या ट्रेनिंगमध्ये त्या असाव्यात असं वाटतं. पहिली, वर्गाआधी काही महिने एकाच विद्यार्थ्याला शिकवून बघणं, अक्कलकोटसारखं. दुसरी, विद्यार्थ्याची भाषा जवळ करणं, 'दर्पण'च्या दोन स्तंभांसारखी. तिसरी, शिकवणाऱ्याचंही शिकवणं कोणीतरी प्रेमाने येऊन बघणं, चुका काढायला नाही तर मदतीला. यासाठी नवी बिल्डिंग लागत नाही की मोठा निधी लागत नाही.

आणि आपण विद्यार्थ्यांनी फक्त सरांकडे बोट दाखवून चालणार नाही. पीएलमध्ये रात्री दोन वाजता होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जे सीनिअर ज्युनिअरला एम-वन समजावून सांगतात, ते काय करत असतात? तेच तर! दादाभाई मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा तेही आपल्यापेक्षा फार मोठे नव्हते. यंदा प्रत्येक थर्ड इयरवाल्याने फर्स्ट इयरच्या एकाच मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घेतली तर? फक्त एकाची. फॉर्म नको, सही नको.

पुढच्या गुरुवारी अक्कलकोटला गेलात तर स्वामींचं दर्शन घ्याच. आणि येताना बसमध्ये त्या वीस वर्षांच्या मास्तराचीही आठवण काढा, जो आपल्या गावच्या इतक्या जवळ, एका मुलासमोर बसून शिकवणं शिकत होता.