जिवंत सोडलेल्या माशाचा पुरस्कर्ता

मोठा मासा मारून मिरवणे हीच हौशी मासेमारीतील यशाची खूण मानली जात होती, त्या काळात ली वुल्फ यांनी गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याचा आग्रह धरला. १० फेब्रुवारी १९०५ रोजी अलास्कातील व्हाल्डीझ येथे जन्मलेल्या वुल्फ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ते चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेले आणि परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये व्यावसायिक चित्रकार म्हणून काम करू लागले.

अभियंत्याची दृष्टी आणि चित्रकाराचा हात त्यांच्या मासेमारीत एकत्र आला. गळाभोवती नाजूक पिसे गुंडाळून कीटकाचा आभास निर्माण करण्याची पद्धत जुनी होती. वुल्फ यांनी त्यासाठी हरणाच्या शेपटीचे केस वापरले. त्यामुळे ही कृत्रिम माशी वेगवान प्रवाहातही तरंगू लागली. अनेक खिशांचे मासेमारीचे जाकीटही त्यांचीच देणगी मानली जाते.

१९३९ साली प्रसिद्ध झालेल्या गोड्या पाण्यातील मासेमारीवरील पुस्तकात त्यांनी आपला विचार मांडला. चांगला मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नाही, असे त्यांचे मत होते. न्यूफाउंडलंडच्या नद्यांत सामन माशांच्या शोधात ते छोट्या विमानातून हिंडले. अटलांटिक सामन अंडी घातल्यावर मरतोच असे नाही. त्यामुळे सोडलेला मासा पुन्हा नदीत परतण्याची आशा असते.

मात्र मासा सोडला म्हणजे तो जगलाच, असे नव्हे. कृत्रिम माशीचा गळ बहुधा ओठात वा जबड्यात अडकतो आणि चिमट्याने सहज निघतो. खरे आमिष मात्र मासा गिळतो आणि गळ घशात किंवा जठरात रुततो. अशा वेळी तो ओढून काढल्यास त्याच्या उलट्या काट्याने कल्ले व आतडी फाटतात. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, खोल रुतलेला गळ उपसण्यापेक्षा तोंडाजवळ दोरी कापून मासा सोडल्यास तो जगण्याची शक्यता बऱ्याचदा अधिक असते. कित्येक मासे कालांतराने गळ टाकून देतात. उलटा काटा नसलेले गळ, जबड्याच्या कोपऱ्यात अडकणारे वर्तुळाकार गळ, ओले हात आणि मासा शक्यतो पाण्यातच ठेवणे, या उपायांनी वुल्फ यांच्या विचाराला शास्त्राची जोड मिळाली.

१९७९ मध्ये वुल्फ आणि त्यांच्या पत्नी जोन यांनी न्यूयॉर्क राज्यातील बीव्हरकिल नदीकाठी मासेमारीची शाळा काढली. २८ एप्रिल १९९१ रोजी विमान अपघातात, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, न्यूफाउंडलंड बेटावरील सामनची व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. ज्या माशांसाठी त्यांनी लेखणी झिजवली, त्यांची संख्या घटल्याचीच ती कबुली होती.