यशवंतराव होळकर : रणांगणावरील जय आणि राज्याचे भवितव्य

प्रस्तावना

इंदापूर तालुक्यातील सणसर आणि शेजारचे बारामती हा प्रदेश ऊस व साखर कारखाने यांमुळे आपल्या परिचयाचा आहे. याच बारामतीजवळ ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला. मराठ्यांनी मराठ्यांवर मिळवलेल्या या विजयाने इंग्रजांना पुण्याची वाट मोकळी झाली. त्याच इंग्रजांना यशवंतरावांनी पुढे जेरीस आणले. हा विरोधाभास लक्षात ठेवून आपण त्यांचे चरित्र पाहू.

पूर्वायुष्य

यशवंतरावांचा जन्म १७७६ मध्ये झाला. ते तुकोजीराव होळकरांचे पुत्र. तुकोजीरावांच्या निधनानंतर १७९७ मध्ये वारशाचा कलह पेटला आणि दौलतराव शिंद्यांच्या सैनिकांनी पुण्यात मल्हारराव या त्यांच्या बंधूस ठार केले. आश्रयार्थ नागपुरास गेलेले यशवंतराव तेथे भोसल्यांच्या कैदेत पडले. तेथून निसटून त्यांनी भिल्ल, पेंढारी, पठाण असे सहकारी जमवले आणि नवी फौज उभी केली. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी त्यांचे दुसरे बंधू विठोजी यांस हत्तीच्या पायी दिले. शिंदे व पेशवे यांच्याशी असलेले वैर आता मिटण्यापलीकडे गेले.

बारामतीहून वसईपर्यंत

बारामतीनंतर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे यशवंतरावांनी शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा पाडाव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर रोजी त्यांनी वसई येथे इंग्रजांशी तह करून तैनाती फौज स्वीकारली. १८०३ मध्ये शिंदे व भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा यशवंतराव अलिप्त राहिले. दोन्ही सत्ता पराभूत झाल्या.

इंग्रजांशी संग्राम

१८०४ मध्ये यशवंतराव एकाकी उभे राहिले. त्यांचे बळ चपळ घोडदळात होते. कर्नल मॉन्सन मुकुंदरा घाटापलीकडे आला असता त्यांनी त्याला माघार घेण्यास भाग पाडले. ऐन पावसाळ्यात, चिखलात तोफा सोडून, सतत हल्ले सोसत त्याची विस्कळीत तुकडी आग्र्यास पोहोचली. पुढे दिल्लीचा वेढा मात्र फसला, फर्रुखाबाद व डीग येथे हानी झाली. १८०५ मध्ये जाटांच्या भरतपूर किल्ल्यावर जनरल लेकने केलेले चारही हल्ले परतवले गेले. तरी अखेरीस भरतपूरच्या राजाने इंग्रजांशी तह केला. यशवंतराव पंजाबात गेले, परंतु तेथेही साथ मिळाली नाही. २४ डिसेंबर १८०५ रोजी राजघाट येथे तह झाला. तैनाती फौज न स्वीकारता त्यांनी राज्य राखले. भानपुरा येथे तोफा ओतण्याचा उद्योग त्यांनी चालू ठेवला. १८११ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

तुलना

आफ्रिकेतील झुलू राज्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे राजा सेत्शवायो याच्या सैन्याने इंग्रजी फौजेचा मोठा संहार केला. परंतु समुद्रापलीकडून नवी कुमक आली आणि ४ जुलै रोजी उलुंडी येथे झुलूंचा पराभव झाला. पुढे त्यांचा प्रदेश तेरा सरदारांत वाटला गेला व आपसांतील युद्धे सुरू झाली. पराभव पचवून पुन्हा सैन्य व पैसा उभा करणे साम्राज्याला शक्य होते. एकेकट्या राज्याला ते शक्य नव्हते. झुलूंमध्ये फूट पराभवानंतर पाडली गेली. मराठ्यांमध्ये ती आधीच होती, एवढाच भेद.

समारोप

यशवंतरावांना केवळ पराक्रमी वीर म्हणून गौरवणे किंवा केवळ दुहीचा दोष देणे, दोन्ही अपुरे आहे. बंधूंच्या हत्येचा सूड त्यांना बारामतीपर्यंत घेऊन आला. इंग्रजांचा धोका त्यांनी ओळखला, तेव्हा सोबती उरले नव्हते. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे होळकरांची फौज पराभूत झाली आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरच्या तहाने, यशवंतरावांनी टाळलेले इंग्रजांचे मांडलिकत्व त्यांच्या वारसास स्वीकारावे लागले.

स्वाध्याय

१. हडपसरचा विजय व वसईचा तह यांतील संबंध स्पष्ट करा.
२. १८०३ मधील यशवंतरावांच्या अलिप्ततेचे परिणाम आपल्या शब्दांत लिहा.