मैफलीचा पैसा शाळेत घालणारा गवई : विष्णु दिगंबर पलुस्कर यांची गोष्ट

गोंदिया असो की गडहिंग्लज, गावात गाण्याचा क्लास असला की एक चित्र हमखास दिसतं. सतरंजीवर सात-आठ मुलं, समोर पेटी, हातात वही. वहीत रागाचं नाव, आरोह-अवरोह आणि खाली चौकटीत लिहिलेली बंदिश. वर्षाच्या शेवटी परीक्षा. आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अगदी वरची अलंकार.

आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. फी भरली, नाव घातलं, गाणं शिकायला सुरुवात.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. शास्त्रीय गाणं शिकायचं तर आधी गुरू शोधायचा, मग त्याची मर्जी मिळवायची. त्याच्या घरी राहून पाणी भरायचं, पाय चेपायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. वही नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. चांगल्या घरातल्या मुलींनी गाणं शिकणं तर दूरच, मुलानं शिकायचं म्हटलं तरी घरात रडारड व्हायची.

हे चित्र बदलायला ज्यांनी सुरुवात केली त्यात एक नाव फार मोठं आहे, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. आपल्या काळातले नावाजलेले गवई. मैफलीवर आरामात जगता आलं असतं, पण त्यांनी ती सगळी कमाई शाळेत घातली आणि शेवटी कर्जात बुडाले.

फटाका आणि गेलेली नजर

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. गाव कुरुंदवाड. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात येतं, तेव्हा ते पटवर्धनांचं छोटंसं संस्थान होतं. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. त्यामुळे अभंग, पदं, झांजा आणि मृदंगाचे बोल लहानपणापासून कानावर पडत होते. मूळ घराणं सांगलीकडच्या पलूस गावचं, म्हणून आडनाव पलुस्कर.

मुलगा इंग्रजी शाळेत शिकत होता. पुढे शिकून नोकरी करेल, असा घरच्यांचा साधा हिशोब. पण दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत. नजर पूर्ण गेली नाही, पण इतकी अधू झाली की पुस्तकावरचा अभ्यास अवघड होऊन बसला.

आता या मुलाचं करायचं काय? आवाज चांगला होता, घरात कीर्तनाची परंपरा होती. गाण्याला घालायचं ठरलं. म्हणजे शाळा सुटली म्हणून गाणं आलं. पुढे ज्यानं देशभर गाण्याच्या शाळा काढल्या, त्याची सुरुवात अशी झाली.

मिरजेतली तालीम

कुरुंदवाडपासून मिरज जवळच. तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकवायचे. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. हे गाणं मिळवण्यासाठी बुवांनी स्वतः तरुणपणी घर सोडून हाल काढले होते. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्या परंपरेतले.

बुवांची शिस्त कडक. मिरज संस्थानच्या अधिपतींनी विष्णूच्या राहण्या-जेवण्याची सोय केली आणि पुढची कित्येक वर्षं एकच काम राहिलं, रियाज.

१८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. का सोडली, याची एक आठवण नेहमी सांगितली जाते. गावात एक कार्यक्रम होता. संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून शिष्याला बोलावणं आलं, पण गुरूला आलं नाही. कारण विचारल्यावर कळलं की बाळकृष्णबुवा कितीही मोठे असले तरी लोकांच्या लेखी ते गवईच.

गोष्ट नेमकी कशी घडली हे बाजूला ठेवू. त्या काळाचं चित्र मात्र ती बरोबर सांगते. गाणं सगळ्यांना हवं होतं, पण गाणाऱ्याला प्रतिष्ठेच्या रांगेत जागा नव्हती. राजा खूश झाला तर शालजोडी, नाही तर दारात ताटकळणं.

तिकीट लावून गाणं

मिरजेतून निघालेला हा चोवीस वर्षांचा तरुण बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा फिरत पंजाबपर्यंत गेला. दरबारांत गायला, बिदाग्या मिळवल्या. पण या प्रवासात त्यानं आणखी एक गोष्ट केली. सौराष्ट्रात त्यानं तिकीट लावून जाहीर जलसा केला.

आज तिकीट काढून मैफलीला जाणं आपल्याला साधं वाटतं. तेव्हा त्याचा अर्थ फार मोठा होता. दरबारात कोण गाणार आणि कोण ऐकणार, हे राजा ठरवायचा. तिकीट लागलं की पैसे देणारा कुणीही समोर बसू शकतो. गवयाला एका धन्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही. ऐकणारे शंभर असले, तर पोशिंदेही शंभर.

मथुरेत मुक्काम असताना त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला, कारण ख्याल-धृपदाच्या कितीतरी बंदिशी त्याच भाषेत आहेत. आपण गातो त्याचा अर्थ कळायलाच हवा, हा आग्रह पुढे त्यांच्या शिकवण्यातही दिसतो.

लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय

५ मे १९०१ या दिवशी विष्णु दिगंबरांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मराठी गवई, शहर पंजाबातलं आणि पाठीशी कुठलाही संस्थानिक नाही. संस्था चालणार होती लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर.

सुरुवातीला विद्यार्थी फिरकलेच नाहीत. ते मात्र रोज ठरलेल्या वेळी वर्गात येऊन तंबोरा लावायचे आणि एकटेच गात बसायचे, असं सांगतात. हळूहळू एक-एक करत मुलं यायला लागली.

या शाळेत नवीन काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा. गुरूच्या लहरीवर काही नाही.

दुसरी, पुस्तकं. विष्णु दिगंबरांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली. कोमल-तीव्र स्वर, मात्रा, ताल हे सगळं चिन्हांनी कागदावर आलं. ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी पाठ्यपुस्तकं निघाली. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिकही निघालं.

तिसरी, मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी वर्ग. त्या काळात हे धाडसच होतं.

आणि चौथी, उपदेशक वर्ग. निवडक मुलांना संस्थेतच ठेवून घ्यायचं, जेवणखाण फुकट. बदल्यात मुलानं बरीच वर्षं राहून शिकायचं आणि पुढे स्वतः शिक्षक व्हायचं, असा लेखी करार असायचा. विष्णु दिगंबर फक्त गायक तयार करत नव्हते, ते गाण्याचे शिक्षक तयार करत होते. त्यांच्या कामातली सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट कदाचित हीच.

अशा शाळेतून तानसेन घडतील का, असा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी घडतील, म्हणजे गाणं समजून ऐकणारा समाज तयार होईल, अशी त्यांची भूमिका होती असं सांगितलं जातं.

मुंबईची इमारत आणि लिलाव

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. इथे विद्यार्थ्यांची गर्दी झाली. शिक्षक वाढले, वसतिगृह आलं, वाद्यं तयार करण्याचं कामही सुरू झालं. भाड्याच्या जागेत हा पसारा मावेना, तेव्हा सँढर्स्ट रोडवर स्वतःची इमारत झाली. त्यासाठी मोठं कर्ज काढावं लागलं.

गणित साधं होतं. ते दौरे करायचे, गायचे, आलेला पैसा कर्जात भरायचे. गाणारा माणूस फिरत राहिला तरच शाळा उभी राहणार. वय वाढत होतं, खर्चही वाढत होता. त्यातच त्यांचा ओढा भक्तीकडे वळला. मैफलींपेक्षा रामनाम आणि रामायणाची प्रवचनं जास्त होऊ लागली. कमाई आटली, व्याज थांबलं नाही.

शेवटी १९२४ मध्ये मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. वीस-बावीस वर्षांची मेहनत हातातून गेली.

घरीही दुःख कमी नव्हतं. त्यांची बरीच अपत्यं लहानपणीच गेली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा जगला. विष्णु दिगंबर नाशिकला रामनाम आश्रमात राहू लागले. काही शिष्य तिथेही सोबत होते, शिकवणं सुरूच होतं.

काँग्रेसचं व्यासपीठ आणि दांडीची वाट

विष्णु दिगंबर काँग्रेसच्या अधिवेशनांमध्ये ‘वंदे मातरम्’ गायचे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली होते. त्यांनी व्यासपीठावरच्या या गायनाला हरकत घेतली. विष्णु दिगंबर थांबले नाहीत, त्यांनी गाणं पूर्ण केलं. हा प्रसंग आजही राजकीय वादात वापरला जातो.

त्यांच्या कामाचा याहून शांत पण खोल धागा गांधीजींच्या आश्रमात सापडतो. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला संगीतशिक्षक म्हणून गेले. आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेला सूर दिला तो खरे यांनी. १९३० च्या दांडी यात्रेत गांधीजींसोबत चालणाऱ्यांमध्येही ते होते. गाण्याच्या शाळेत तयार झालेला एक शिक्षक असा स्वातंत्र्यलढ्याच्या वाटेवर चालत होता.

सगळं कौतुकच आहे का?

नाही, आणि हे समजून घ्यायला हवं.

स्वरलिपीत मींड, गमक, आवाजाचा लगाव पूर्ण पकडता येत नाही. त्यामुळे कागदावरून शिकलेलं गाणं कोरडं होतं, हा आक्षेप जुना आहे. गाणं घराघरात जावं म्हणून विष्णु दिगंबरांनी शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तीचे शब्द आणले. यावरही टीका झाली.

इतिहासकार जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या पुस्तकात पलुस्कर आणि भातखंडे या दोघांच्या कामाची चिकित्सा केली आहे. संगीताला प्रतिष्ठा मिळाली, पण त्याला हिंदू, भक्तिप्रधान रूप आलं. ज्या मुस्लिम उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायकांनी हे संगीत पिढ्यान् पिढ्या जपलं, ते मात्र या नव्या चित्रात मागे पडले, असा या चिकित्सेचा रोख आहे. ग्वाल्हेरच्या खाँसाहेबांपासून आलेलं गाणं मिरजेत शिकलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न विचारणं रास्तच आहे.

इमारत गेली, माणसं उरली

२१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णु दिगंबर गेले. गाव मिरज, जिथे त्यांनी गाणं शिकलं तेच. वय ५९. मुलगा दत्तात्रेय तेव्हा फक्त दहा वर्षांचा होता. नावावर इमारत नाही, शिल्लक नाही.

पण उपदेशक वर्गानं आपलं काम केलं होतं. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक ते अलंकारपर्यंतच्या परीक्षा घेणारं आजचं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ते हेच.

विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्राचार्य झाले. बी. आर. देवधरांनी मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली, त्यांच्याकडे कुमार गंधर्व शिकले. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या.

आणि तो दहा वर्षांचा मुलगा? वडिलांच्या शिष्यांकडे, मुख्यतः विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे तो शिकला. डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशभर गाजला. ‘बैजू बावरा’ सिनेमात उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबतची त्यांची जुगलबंदी अजूनही ऐकली जाते. १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले.

बापानं जे ज्ञान शिष्यांमध्ये वाटून टाकलं होतं, तेच शिष्यांनी त्याच्या मुलाला परत दिलं. ते घरातच जपून ठेवलं असतं, तर बापाबरोबर संपलं असतं.

लिलावात सँढर्स्ट रोडची इमारत गेली. वहीत बंदिश उतरवून घेणारी ती सात-आठ मुलं मात्र अजूनही दर आठवड्याला क्लासला येतात.