चित्रकार आंजेलो द फोन्सेका

ज्या मूर्तींपुढे व चित्रांपुढे आपण नित्य गुडघे टेकतो, त्या घडविणाऱ्या हातांचे स्मरण आपणांस क्वचितच होते. म्हणून महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एका भक्त कलावंताचे अल्प चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोमंतकातील जुवे या बेटावर एका काथलिक कुटुंबात झाला. वैद्यकीच्या अभ्यासासाठी ते मुंबईस आले खरे, परंतु त्यांचे मन चित्रकलेत गुंतले होते. तो अभ्यास सोडून ते सर जे. जे. कलाशाळेत गेले. तेथील पाश्चात्य वळणाच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान झाले नाही. तेव्हा त्यांनी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस या थोर गुरूंपाशी विद्या संपादन केली. जलरंगाचा हात द्यावा, कागद पाण्याने धुवावा, पुन्हा रंग चढवावा, अशा रीतीने चित्रास मृदू तेज आणण्याची बंगाली पद्धत त्यांनी तेथे आत्मसात केली. पुढे तैलरंग, भित्तिचित्रे, रंगीत काचकाम अशा अन्य साधनांसही त्यांनी हात घातला. मात्र साधन कोणतेही असो, विषय बहुधा ख्रिस्ताचाच असे.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी पवित्र मरियेस साडी नेसविली व सावळ्या वर्णाची भारतीय माता म्हणून रेखाटिले. आज यात कोणास नवल वाटणार नाही. परंतु त्या काळी गौरवर्ण युरोपीय मरियाच तेवढी खरी, अशी पुष्कळांची समजूत होती. स्वधर्मीयांनीच त्यांच्यावर कठोर टीका केली आणि त्यांना गोमंतक सोडावे लागले. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा होता, ही गोष्ट आपण काथलिकांनी नम्रपणे लक्षात ठेवावी. तथापि सारेच विन्मुख झाले नाहीत. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील जेजुइट विद्वान फादर हेरास यांनी भारतीय ख्रिस्ती कलेचा पुरस्कार करून त्यांना उत्तेजन दिले.

१९५१ साली त्यांचा आयव्ही मिनेझिस यांच्याशी विवाह झाला. पुढील अनेक चित्रांत मरियेच्या मुखावर या पत्नीचीच मुद्रा उमटलेली दिसते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने असे जाहीर केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, व सर्व लोकांच्या कलेस उपासनामंदिरात योग्य आदराने वाव असावा. फोन्सेका यांनी तीस वर्षे एकाकीपणे जे केले, त्याचे मर्म हेच होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ साली, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सुरक्षित आहे.

प्रभू बेथलेहेमात यहुदी मातेच्या कुशीत जन्मला; युरोपीय चित्रकारांनी त्या मातेस आपल्या देशाचा पोशाख दिला, आणि त्यात कोणी पाखंड पाहिले नाही. मग आपल्या आईचा पोशाख तिला दिल्याने भक्ती कशी उणी व्हावी? आमच्या मते फोन्सेका यांचे अपराध मानले गेलेले कृत्य हीच त्यांची प्रार्थना होती. आपल्या धर्मग्रामातही कोणी मुलगा वा मुलगी नव्या रीतीने प्रभूची सेवा करू पाहील, तेव्हा दोष देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.