एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं! पुस्तकं बांधणारा मुलगा विज्ञानाचा शिक्षक कसा झाला?

लाइट गेली की आपल्याला मेणबत्ती आठवते. गंमत म्हणजे, आपल्या घरात येणारी बहुतेक वीज ज्या तत्त्वावर तयार होते, ते शोधणाऱ्या मायकल फॅरेडे यांनी याच मेणबत्तीवर मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली होती. कॉलेजची पायरीही न चढलेल्या या शास्त्रज्ञाचा विज्ञान सोपं करून सांगण्याचा एवढा आग्रह का होता? जाणून घेऊया.

बांधायला आलेलं पुस्तक

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, इंग्लंडमधला. वडील लोहार, घरची गरिबी. चौदाव्या वर्षी ते लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले. हाताखालून जाणारी पुस्तकं ते वाचायचेही. त्यातलंच एक होतं जेन मार्सेट यांचं. बाई आणि दोन मुली यांच्या गप्पांतून त्यात रसायनशास्त्र समजावलं होतं. फॅरेडे यांनी त्यातल्या गोष्टी छोटे प्रयोग करून पडताळल्या आणि विज्ञानाची गोडी लागली.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्यानं ऐकली. टिपणं काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून रुजू झाले.

नेमकं शोधलं काय?

१८२१ मध्ये त्यांनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटरची ही सुरुवात. १८३१ मध्ये त्यांना आढळलं की तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर हलवला की वीज निर्माण होते. जनित्रं याच तत्त्वावर चालतात. फॅरेडे यांचं गणित कच्चं होतं, म्हणून ते चुंबकाचा प्रभाव रेषा काढून दाखवत. त्याच कल्पनेला पुढे मॅक्सवेल यांनी गणिताची जोड दिली.

मेणबत्तीच का?

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. त्यातल्या १९ मालिका एकट्या फॅरेडे यांनी दिल्या. चांगलं बोलता यावं म्हणून त्यांनी वक्तृत्वाचे धडेही घेतले होते. १८६० च्या नाताळात सुरू झालेल्या त्यांच्या शेवटच्या मालिकेचा विषय होता मेणबत्ती.

मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणूनच मेणबत्ती नुकतीच विझवल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराजवळ पेटती काडी नेली, तर ज्योत उडी मारून वातीवर परतते. (मुलांनो, हा प्रयोग मोठ्यांसमोरच करा.) ज्योतीचा पिवळा उजेड कार्बनच्या तापलेल्या कणांचा असतो. जळताना पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या श्वासातूनही हेच बाहेर पडतं, इथपर्यंत फॅरेडे मुलांना घेऊन गेले.

आज हे का महत्त्वाचं?

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरेडे यांचं निधन झालं. मार्सेट यांचे उपकार ते कधी विसरले नाहीत. विज्ञान सोपं करून सांगणं अनेकांना दुय्यम काम वाटतं. पण अशाच एका सोप्या पुस्तकाने दुकानातल्या मुलाला प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवलं. फॅरेडे यांनी ते ऋण मुलांसमोर उभं राहून फेडलं. नाताळची ती व्याख्यानं आजही होतात.