पंडिता रमाबाईंस लाभलेली शांती

रायगड जिल्ह्यात अंबा नदीकाठच्या पाली गावी बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणारे यात्रेकरू आपल्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असतील. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्रास पायी जाणाऱ्या, देवळांत व नदीच्या घाटांवर पुराण सांगून निर्वाह करणाऱ्या अशाच एका कुटुंबात पंडिता रमाबाई लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकरूढीस न जुमानता आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या माउलीने ते कन्येस दिले.

पुढे दुष्काळात आईबाप व बहीण अन्नावाचून गेली. १८७८ साली कलकत्त्यास मोठमोठ्या शास्त्र्यांनी रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांस सरस्वती ही पदवी दिली. परंतु ज्या ग्रंथांमुळे त्यांस कीर्ती मिळाली त्यांतच, स्त्रीजात स्वभावतः पापी असून तिला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही, असे त्यांच्या वाचनात आले. बाहेर जयघोष चालला असता अंतर्यामी आपण अपात्र आहोत हा बोल त्यांस ऐकू येत राहिला. विद्येने तो थांबला नाही. १८८० साली भाऊ व १८८२ साली पती निवर्तले, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या विधवा झाल्या.

ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांकरिता शारदासदन उघडले. इतके करूनही मन अस्वस्थच होते. ख्रिस्ती धर्म आपण पत्करला, पण ख्रिस्त मात्र आपणास लाभला नाही, अशी त्यांस जाणीव झाली. आपले पाप केवढे, आपली भक्ती किती तोकडी, ह्याच विचाराने त्या खचत. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र वाचून व पवित्र शास्त्राचे मनन करून त्यांस उमगले की, तारण हे योग्यतेचे वेतन नसून देवाचे फुकट दान आहे. आधी चांगले व्हावे आणि मग प्रभूकडे जावे, असा क्रम नाही. जशी आहे तशीच त्याने आपणास घेतले आहे. त्या दिवसापासून आपली योग्यता मोजणे त्यांनी सोडून दिले.

ह्याचा अर्थ संकटे टळली असा नव्हे. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळींनी शारदासदनाचा संबंध सोडला व पुष्कळ मुली परत नेण्यात आल्या. तरी बाईंनी काम टाकले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे निराधार स्त्रिया व मुली आणल्या, आणि त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य बायांस समजेल अशा मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा वारली. त्या दुःखातही ते काम त्यांनी पुरे केले, व ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, मी अडाणी, मी हलक्या कुळातली, माझी प्रार्थना देव कशाला ऐकेल, असे आपल्या मंडळीतील कितीएक जण मनात म्हणत असतात. अक्षरओळख नाही म्हणून असे वाटते, हा त्यांचा समज खोटा आहे; कारण महापंडितेसही तेच वाटत होते. उपदेशकांनी अशा मनुष्यास, तू काही वाईट नाहीस, अशी पोकळ स्तुती सांगू नये, आणि अधिक व्रतनियमांचे ओझेही लादू नये. ख्रिस्ताने त्याच्याकरिता काय केले ते सांगावे, आणि मग त्याच्या हाती दुसऱ्या दुःखिताची काही सेवा द्यावी. रमाबाईंस शांती ह्याच वाटेने लाभली.